स्वच्छ धुतलेली बाटली

सरांना त्या रविवारातून काय काय मिळायचं होतं ते आधीच मांडून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी त्यांच्या कळकळीने गहिवरायला नको. रसायन मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेचं एक समाजसेवा पदक होतं. ते शेजारच्या शहराच्या मंडळाला दोनदा मिळालं होतं, सर ज्या मंडळाचे अध्यक्ष होते त्याला एकदाही नाही. पदकासोबत मंडळाच्या सभागृहाच्या भिंतीवर सरांच्या फोटोची चौकट लागणार होती. तिथे आधीच्या अध्यक्षांची एक तसबीर होती आणि ते गृहस्थ वारले तरी सरांचं त्यांच्याशी अजून जमत नव्हतं. शिवाय निवृत्तीनंतर 'सर, तुम्ही इथे पुढे बसा' हे वाक्य कानावर पडेनासं झालं होतं, ते पुन्हा पडलं असतं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या पाण्याचं म्हणाल, तर ते या यादीत कुठेच नव्हतं.

उपक्रम सरळ होता. मंडळाच्या सभासदांनी वस्तीतल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, फुकट तपासायचं आणि लोकांना सांगायचं, पिण्याजोगं आहे की नाही. तपासायचं काम सरांच्या सुनेकडे आलं. ती एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती आणि मंडळाची सहचिटणीसही होती. हे दुसरं पद तिला मिळालं, कारण तिच्याकडे स्कूटर होती आणि सासऱ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

बाकीच्या सभासदांनी प्लास्टिकच्या कोऱ्या बाटल्या नेल्या. सरांनी मात्र आपल्या कपाटातल्या काचेच्या बाटल्या काढल्या, काचेच्याच बुचाच्या, कारण प्लास्टिक फोटोत भिकार दिसतं. आदल्या दिवशी दुपारभर मोरीत बसून त्यांनी त्या स्वतः धुतल्या. फोटोसाठी पाळणाघर निवडलं होतं. तिथे अंगणात विहीर होती आणि लहान मुलं होती, आणि लहान मुलांशेजारी कुणीही माणूस बरा दिसतो.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. तिने सकाळपासून अंगण झाडून, पोरांचे केस विंचरून ठेवले होते.

"मावशी, त्या शेंबड्याचं नाक पुसा जरा," मंडळाचा चिटणीस म्हणाला. "कॅमेऱ्यात चकाकतंय."

"पुसलं तरी येतं हो त्याचं."

"मग त्याला मागे उभं करा. नाहीतर आतच ठेवा."

शेंबडा आत गेला. सर रुमालात खाकरले, काय निघालं ते नीट बघितलं, रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि त्याच हाताने एका तान्ह्या पोरीचा गाल कुरवाळला. फोटोवाल्याने तेही टिपलं.

पाणी भरताना सून हळूच म्हणाली, "बाबा, आधी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्या ना."

"सर, एका दमात भरा," फोटोवाला म्हणाला. "सारखं ओतत बसलात तर ऊन जाईल."

"अगं, मी स्वतः धुतलीय," सर कॅमेऱ्याकडे बघूनच सुनेला म्हणाले. "हिच्याइतकं स्वच्छ भांडं या वस्तीने बघितलं नसेल."

बाटली एका दमात भरली. फोटो छान आला.

संध्याकाळी घरच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून सुनेने तपासणी मांडली. सर मागे हात बांधून फेऱ्या घालत होते. एकेक पाणी चांगलं निघत गेलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सगळंच चांगलं निघालं तर अहवालात लिहू काय?" ते सोबत आलेल्या चिटणिसाला म्हणाले. "आम्ही गेलो, पाणी बघितलं, परत आलो?"

"तसं पदक मिळणं अवघड आहे, सर," चिटणीस म्हणाला. हा माणूस सरांच्या वाक्याचं शेपूट धरूनच बोलायला सुरुवात करायचा.

मग सरांच्या बाटलीची पाळी आली. सुनेने थेंब टाकले आणि नळीतलं पाणी गडद गुलाबी झालं. नायट्रेट. खत आणि मैला जमिनीत मुरला की विहिरीत उतरतं, तेच. मोठ्या माणसाला एवढं काही होत नाही, तान्ह्या बाळाच्या मात्र रक्तालाच बाधतं.

सरांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो बघून सुनेने मान फिरवली.

"तान्ही बाळं आहेत तिथे," सर म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी चघळून म्हटला. "तान्ही."

"बाबा, उद्या पुन्हा नमुना आणते. एका बाटलीवरून बोलू नये आपण. शिवाय हे पाणी लिटमस कागदावर थोडं आंबट, आम्लासारखं दाखवतंय, ते मला जरा—"

"आणि उद्यापर्यंत एखादं बाळ दगावलं तर? तू जबाबदारी घेणार?"

कळकळीच्या रूपात आलेल्या धाकापुढे माणसाला बोलता येत नाही. सुनेने नळ्या विसळायला घेतल्या. सकाळी विहिरीच्या कठड्यावर लाल फलक लागला, कोपऱ्यात सरांचा फोटो. वर्तमानपत्रात बातमी आली, तिच्यात सरांचा फोटो मध्यभागी.

पाळणाघर आठवडाभरात ओस पडलं. बहुतेक आयांनी काही न बोलता मुलं नेली, पिशव्या उचलल्या, झालं. एकीने मात्र बोलून नेलं. तिचं बाळ जन्मापासूनच किरकिरं, अंगाला न लागणारं. ती फाटकात उभी राहून सगळ्यांदेखत मावशीला म्हणाली, "माझ्या लेकराला विष पाजत होतीस तू. आणि वर माझ्याकडून पैसे घेत होतीस." आणि उंबऱ्यावर थुंकली. मावशीने विहिरीचं पाणी काढून उंबरा धुतला.

मग ती सुनेकडे आली. किटली घेऊन आली आणि स्वयंपाकघरात स्टुलाच्या कडेवर टेकली.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी काय बोलणार. पण हे बघा. या पाण्याने किटलीत चुना धरतो, एवढाच त्याचा दोष मला माहीत. माझी स्वतःची दोन याच पाण्यावर वाढली. एक पोलिसात आहे."

सुनेने किटलीत बोट घालून पांढरा थर खरवडला आणि उजेडात धरून बघितला. एवढा चुना असलेलं पाणी आंबट निघूच शकत नाही. विहिरीतून आलेलं नसलेलं काहीतरी त्या बाटलीत होतं.

मावशी गेल्यावर तिने सरांच्या कपाटातून तसलीच दुसरी, धुऊन ठेवलेली बाटली काढली. कारखान्यातून आणलेलं, ज्यात काहीच नसतं असं शुद्ध पाणी तिच्यात भरलं आणि तपासलं. गडद गुलाबी. मग मावशीच्या विहिरीचं पाणी साध्या बाटलीत आणून तपासलं. ते पाण्यासारखंच राहिलं.

सर बाल्कनीत बसून पायाची नखं काढत होते. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. बातमीचा अंक सोडून दुसरा.

"बाबा, बाटल्या कशाने धुतल्या होत्या?"

"नायट्रिक आम्लाने. शिसं शोधायचं असेल तर त्यानेच धुतात, एवढं तुला माहीत असायला हवं."

"शिसं शोधायचं असेल तर. आपण नायट्रेट शोधत होतो, आणि ते त्या आम्लातच असतं. जे शोधायचं तेच बाटलीला लावून गेलो आपण, आणि विसळलंही नाही. मावशीचं पाणी चांगलं आहे."

सरांनी अंगठ्याचं नख काढलं, ते उडून सुनेच्या पायाशी पडलं. त्यांनी विचारलं, "कुणाला बोललीस?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा नव्हताच.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, माझ्या मोरीत ती आम्लं आणू नका," आतून सासूबाई म्हणाल्या. "फरशीचा रंग गेला तो गेलाच."

"आई, इथे एका बाईचं पाळणाघर गेलं."

"तेही वाईटच," सासूबाई म्हणाल्या.

सरांना रात्री झोप लागली नसावी असं सुनेला वाटलं. पण सकाळी ते दाढी करताना शीळ घालत होते. मार्ग निघाला होता. मंडळ आता विहिरीचं शुद्धीकरण करणार होतं. सभासदांनी जाऊन क्लोरीनची पावडर टाकायची, आठवड्याने सुनेने साध्या बाटलीतून पाणी तपासायचं, ते अर्थातच चांगलं निघायचं. आधी विषारी, नंतर निर्मळ. नुसत्या तपासणीला पदक मिळेल न मिळेल. कायापालटाला कोण नाही म्हणेल?

ही योजना त्यांनी कार्यकारिणीपुढे ठेवली. त्या खोलीत खुर्च्यांपेक्षा रसायनशास्त्राच्या पदव्या जास्त होत्या. क्लोरीनने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, कारण ते मुळात जिवंत नसतं. पोतंभर पावडर ओतली तरी ते होतं तिथेच राहतं. हे त्या खोलीतल्या पंख्यालाही ठाऊक असावं. चूक काय झाली ते सुनेने उभं राहून सगळ्यांना सांगितलं. औषधाच्या दुकानाचे मालक चष्मा पुसू लागले. कॉलेजातल्या बाईंनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून पडलं, मग त्या ते बोटाने शोधत बसल्या.

"तांत्रिक बाबतीत थोडं मागेपुढे होतं," चिटणीस शेवटी म्हणाला. "हेतू महत्त्वाचा."

"कुणाचा विरोध?" सरांनी विचारलं.

बोटं चाटण्याचा आवाज तेवढा आला.

"मी सही करणार नाही," सून म्हणाली.

"नको करूस," सर गोड आवाजात म्हणाले. "मग मंडळाचा दाखला निघणार नाही. लाल फलक राहील. तू जाऊन सांग मावशीला."

ती गेलीच. मावशी रिकाम्या पाळण्यांच्या गाद्या उन्हात घालत होती. सुनेने काही लपवलं नाही. बाटली, आम्ल, फोटो, सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर वर्तमानपत्राला मी लिहून देते. माझ्या नावाने."

मावशीने गादी झटकली. "ते छापतील?"

"बहुतेक नाही. छापलं तर आत कुठेतरी, चार ओळींत."

"आणि दाखला?"

"तो लगेच मिळेल. फोटोसकट."

"त्यात काय लिहिणार?"

"की पाणी आता चांगलं आहे."

मावशी गादीवर बसली. "ताई, मला पुढच्या महिन्याला भाडं भरायचंय. खरं काय ते मला आधीपासूनच माहीत होतं, ते घेऊन मी काय करू? मला भिंतीवर लावायला कागद द्या."

सुनेने सही केली. आधीच्या निकालाखाली एक, नंतरच्या निकालाखाली एक. पहिली करताना तिला वाटलं, आपण चिखलात हात घालतोय. दुसरी करताना काही वाटलं नाही, आणि त्याची तिला जास्त शिसारी आली.

पदक मिळालं. सभागृह भरलं होतं. मावशीला नवी साडी नेसून यायला सांगितलं होतं, तिला पुढे बसवलं, आणि आभार मानायला व्यासपीठावर नेलं. तिने सरांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. सरांनी तो एका हातात धरला, दुसऱ्या हाताने मावशीचा खांदा थोपटत राहिले आणि माईकवर म्हणाले, "या माउलीला दोष देऊ नका. ती अजाण होती. तिला काय कल्पना, आपण रोज या चिमण्या जिवांच्या पोटात विष घालतोय."

मावशीची मान खाली गेली. चिटणिसाने टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्या पदव्यांनी त्या उचलून धरल्या. मागच्या रांगेत किरकिऱ्या बाळाची आई बसली होती. वस्तीतल्या लोकांना आणायला मंडळाने गाडी पाठवली होती, तिच्यातून ती आली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. बाळाला उराशी घट्ट धरून ती मावशीकडे बघत होती, आणि आता तिच्या बघण्यात संशय नव्हता, खात्री होती. त्या खात्रीखाली आपली सही आहे हे सुनेला त्या क्षणी उमगलं. ती उठून बाहेर गेली आणि वॉशबेसिनवर ओकली. आत येऊन पुन्हा आपल्या खुर्चीत बसली, कारण नंतर सरांना स्कूटरवरून घरी न्यायचं होतं.

तर जमाखर्च असा. सरांना पदक, चौकट आणि पुढची खुर्ची. चिटणिसाला उपाध्यक्षपद. सासूबाईंना मोरीत नवी फरशी, पदकाच्या आनंदात. औषधवाल्यांना आणि कॉलेजातल्या बाईंना अहवालात नाव आणि पोटभर जेवण. विहिरीला काही नाही. क्लोरीनचा वास काही दिवसांनी गेला आणि किटलीत पुन्हा चुना धरू लागला. सुनेने सहचिटणीसपद सोडलं. कुणी कारण विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, त्यामुळे तेही कुणाला महाग पडलं नाही. मावशीकडे अर्धीअधिक मुलं परत आली. नवी आई चौकशीला आली की ती आधी भिंतीवरचा दाखला वाचते आणि विचारते, "म्हणजे आधी इथलं पाणी खराब होतं?" मावशी म्हणते, "होय, होतं." त्या 'होय'ची किंमत ती रोज मोजते. आणि किरकिऱ्या बाळाची आई रस्त्यात समोरून आली, की मावशी पलीकडच्या बाजूला होते, डोक्यावरचा पदर पुढे ओढते आणि ती बाई थुंकून पुढे जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहते. त्याचीही किंमत तीच मोजते.