नदीकाठी कोण रडले?

मी एक जुनी काशाची थाळी आहे. पण माझ्यात कोणी कधी भाकर खाल्ली नाही, हे आधीच सांगते! माझ्या मधोमध मेणाने एक काडी उभी करतात. तिच्यावरून बोटे ओढली की मी घुमू लागते, आणि त्या सुरावर कथा सांगतात.

मित्रांनो, जव्हारला राजेसाहेबांचे राज्य होते, तेव्हा मी दाभोशाच्या नवसूकडे होते. त्याच्या कथेतले राजे एका ढांगेत डोंगर ओलांडत. राण्यांना काम एकच, नदीकाठी बसून रडायचे. लोक माना डोलवत, मीही खुशीत घुमत असे. माझे मेण लावायची नवसूची बायको, पोशी. तिने लावलेले मेण कधी सुटले नाही.

एका पावसाळ्यात दोघे खोडाळ्याच्या बाजाराहून परतत होते. नदी उतरताना नवसूचा पाय घसरला. मी त्याच्या पाठीला बांधलेली. आम्ही दोघे गटांगळ्या खाऊ लागलो. पोशीने उडी घातली, त्याचे मानगूट धरले आणि आम्हाला काठावर ओढून आणले. नवसू ओक्साबोक्शी रडला.

पाड्यावर लोक जमले, तेव्हा मात्र तो म्हणाला, "पोशी वाहून जात व्हती. मी काढली."

इतकी वर्षे कथेत राजालाच शूर आणि राणीला रडवी करून त्याच्या जिभेला तसे वळण पडले होते. कोणी शंकासुद्धा काढली नाही. पोशीने माझे मेण लावणे तेवढे सोडले, आणि नवसूशी बोलणेही. खरे मला ठाऊक होते, पण मला कुठे बोलता येते! फार वाईट वाटले मला.

भाताची झोडणी झाली. ढवळू पाटलाच्या खळ्यावर दुपारी कथा ठेवली. पोशी बायकांत बसून भात पाखडत होती. कथेतली राणी नदीवर आली आणि नवसूने लावलेली काडी कलली.

"आता राणी रडंल," पाटील म्हणाला.

नवसूने पोशीकडे पाहिले. इथे हसे झाले, तर पुन्हा कथेला कोणी बोलावणार नव्हते.

"नाय," तो म्हणाला. "राजा बुडत व्हता. राणीनं उडी टाकली."

"बाईमाणूस पुरात उडी टाकतं का कुठं?" पाटलासकट सगळे हसले.

"टाकतं. माझ्या बायकोनं टाकली. मी खोटं बोललो व्हतो."

"मग राजानं काय केलं?" लहानग्या मंगळीने विचारले.

"रडला."

पोशीने सूप खाली ठेवले. ती आली, मेण तळहातावर मळले आणि काडी घट्ट बसवली.

"रडला तं रडला," ती म्हणाली. "पुढचं सांग."

त्या दुपारी घुमले तितकी मी पुन्हा कधी घुमले नाही. पोशीने मला पुरातून काढले, नवसूने खोट्यातून. दोघांचे उपकार मी कशी विसरेन?

मित्रांनो, मला चिंचेने घासा, आपटू नका, एवढे मागणे आहेच. आणि गोष्ट सांगाल तेव्हा, जी पोहून गेली तिला काठावर रडत बसवू नका. ज्याला रडू आले, त्याला रडू द्या.