अडचणीचा निधी

चारुदत्तने प्रोजेक्टरची वायर खेचून लॅपटॉपला जोडली आणि हॉलच्या भिंतीवर एक रेघ वर चढू लागली. जर्मन शहरांतल्या घरांचे भाव. लुडविग्सहाफेनच्या मराठी मंडळाची बैठक चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरली होती. सगळ्यांच्या मांडीवर साबुदाणावड्यांच्या प्लेटा होत्या आणि विषय एकच होता: मंडळाचा अडचणीचा निधी कुठे ठेवायचा.

अध्यक्ष या नात्याने चारुदत्तने एका बँकेची नवी ठेव समजावून सांगितली. घरांचे भाव चढले की व्याज चढणार, पडले तर व्याज शून्य. मुद्दल सुरक्षित, फक्त सात वर्षे हात लावायचा नाही. हे 'फक्त' तो असं म्हणाला, जणू सात वर्षे म्हणजे वड्यासोबतची चटणी. घर घेतल्यापासून त्याचं हे असंच होतं. रांगेतलं चिंचोळं घर, मागे हातरुमालाएवढी बाग, पण अंगात जहागीरदार शिरलेला.

"भाड्याने राहणाऱ्यांना हे कळायला जरा वेळ लागतो," तो म्हणाला.

टोमणा राजाभाऊंना होता. राजाभाऊ निम्मं आयुष्य भाड्याच्या घरात राहिले होते आणि त्यांना त्याचाच माज होता. त्यांना फेस्टगेल्ड हवं होतं: तीन वर्षांची मुदत, ठरलेलं व्याज. ते दर सांगत, वर दशांश सांगत आणि शेवटी 'गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणून स्वतःच मान डोलावत.

कोषाध्यक्ष कुसुमताई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. कुणाची नोकरी गेली, कुणाचं पार्थिव घरी पाठवायचं झालं, तर म्हणून हा पैसा जमवला होता. मरणारा माणूस बँकेची मुदत संपेपर्यंत थांबणार होता का? हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. दोघांना आपलं शहाणपण मंडळाच्या पैशाने सिद्ध करायचं होतं.

त्यातला काही पैसा आता निधीत नव्हताही. गेल्या महिन्यात चारुदत्तची बायको नंदिनी कुसुमताईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. हीटिंग बंद पडलं, दुरुस्तीत खातं रिकामं झालं आणि घराचा हप्ता चुकायची वेळ आली. शिलकीतलं सगळं नवऱ्याने याच ठेवीत कोंडून टाकलं होतं. घरखर्चाच्या खात्याकडे तो ढुंकून बघत नसे, ते 'तुझं डिपार्टमेंट'. यांना कळू देऊ नका, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणाली. कुसुमताईंनी पैसे दिले.

आता ठराव मांडायचा म्हणून चारुदत्तने शिल्लक विचारली. कुसुमताईंनी खरा आकडा सांगितला. तो त्याच्या अंदाजाहून बराच कमी होता.

"बाकीचे कुठे गेले?"

"एका घराला अडचण होती. परत येतील."

"कोणाला दिले?"

"नाव गुप्त ठेवायचं, हा नियम तुम्हीच केलाय."

चारुदत्त हसला. "बरं, नियम राहू दे. सुट्टी लागली की युरोपभर हिंडायचं, भाड्याच्या घरात मजेत राहायचं आणि महिनाअखेरीला मंडळापुढे हात पसरायचा. थोडी लाज असेल तर त्या माणसाने आत्ता इथे उभं राहावं."

कुणी हललं नाही. मग एकेक नजर फिरत फिरत हायडेलबर्गला पीएचडी करणाऱ्या कादंबरी नावाच्या मुलीवर येऊन थांबली. तिची शिष्यवृत्ती संपल्याचं सगळ्यांना माहीत होतं. तिने कधी एक युरो मागितला नव्हता. हातातला अर्धा वडा तिने प्लेटमध्ये परत ठेवला. कुसुमताईंनी तोंड उघडलं आणि दिलेला शब्द आठवून मिटलं.

नंदिनी चहाचा थर्मास घेऊन आली. ती नवऱ्याच्या कपावर वाकली. तिचं बोलणं शेजारच्या कुसुमताईंपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही.

"अहो, उभी राहू का मी?"

कप भरत आला. चारुदत्तने तिच्याकडे पाहिलं, मग कुसुमताईंकडे. त्यांनी नजर हलवली नाही.

"राजाभाऊ, तुमच्या त्या फेस्टगेल्डचा दर किती म्हणालात?"

आपला मुद्दा शेवटी पटला म्हणून राजाभाऊ खुर्चीत ताठ बसले आणि दशांशासकट दर सांगू लागले. नंदिनीने थर्मासचं झाकण लावलं आणि तो खाली ठेवला. कुणीतरी सरकून तिला खुर्ची दिली.

ती बसली नाही.