दोनदा दाबायचा ब्रेक

मित्रांनो, मी जुनी जीप आहे. जुनी म्हणजे किती, ते आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, कारण बोललं की लगेच भंगाराचा विषय निघतो. माझा मूळ रंग हिरवा. आता कुठं हिरवा, कुठं पत्र्याचे खळगे बुजवायला लांबी भरलेली, कुठं नुसता गंज. तरी अजून किल्ली फिरवली की मी सुरू होते, थोडा धूर सोडते, आणि चालते.

पहिली काही वर्षं मी तासगावला सयाजी नावाच्या बागायतदाराकडं द्राक्षांच्या पेट्या वाहिल्या. घड हलू नयेत म्हणून ते खड्ड्यातून मला इतकं अलगद न्यायचे, की माणसांचीही तेवढी काळजी कुणी घेत नसेल. पुढं त्यांनी मोठा टेम्पो घेतला आणि मी कराड-पाटण रस्त्यावरच्या एका गावात लालासाहेबांच्या दारात आले. लालासाहेब सैन्यात ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झालेले. चहाच्या आधी ते माझं बॉनेट उघडायचे. त्यांची बायको, रंगूबाई, चुलीपासून ओरडायच्या, "आवं, त्या गाडीला च्या देऊ का आदी?" त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. गावात कुणाची लेक बाळंतपणाला अडली, कुणाला साप चावला, की लोक आमच्याच दारात यायचे. मी किती जणांना कराडच्या दवाखान्यात वेळेवर पोचवलं, ते मोजायला मला कधी जमलं नाही.

मग वय झालं. दोन-तीनदा मी भररस्त्यात बंद पडले. लालासाहेबांचा मुलगा धैर्यशील साखर कारखान्यात नोकरीला आहे, मितभाषी आणि शब्दाचा पक्का. एका संध्याकाळी पावसात मला ढकलून घरी आणल्यावर तो म्हणाला, "आबा, आता हिचं एक जरी काम निघालं, तर दिवाळीआदी भंगारात. मला घरात कुनाचा जीव गमवायचा न्हाई." त्याचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही.

आणि श्रावणात नेमकं काम निघालं. ब्रेकचं पॅडल मऊ पडलं. गाड्यांना बोलता येत नाही असं लोक म्हणतात, पण ते काही खरं नाही. पॅडल मऊ पडतं, चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसतो, हे आमचं बोलणंच असतं. लालासाहेबांना ते पहिल्याच दिवशी कळलं. गावातला मिस्त्री मानसिंग म्हणाला, "हवालदारसायेब, चाकातला बिरेकचा सिलिंडर गळतोय. दोन दिस गाडी ठिवा, बदलतो."

दोन दिवस गाडी मिस्त्रीकडं राहिली तर धैर्यशील विचारणारच. लालासाहेबांनी मान हलवली आणि मला घरी आणलं. तेव्हापासून ते पहाटे गोठ्यामागं जाऊन गुपचूप ब्रेकचं तेल भरायचे आणि गाडी चालवताना पॅडल दोनदा दाबायचे. पहिल्यांदा ते खाली जायचं, दुसऱ्यांदा ब्रेक लागायचा. त्यांच्या पायाला सवय झाली. हँडब्रेकची तार तर कधीच सैल पडली होती, म्हणून उतारावर ते चाकाला दगड लावायचे. जुनी गाडी पाळणारे पुष्कळ जण असेच दिवस काढतात. मला वाचवायला ते एवढा आटापिटा करतात, याचं तेव्हा मला कौतुक वाटलं. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं विळा, कोयता, ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांची पूजा होते. मग मी टेकडीवरच्या जोतिबाला जाऊन येते, आणि घरात जो नवा ड्रायव्हर तयार झाला असेल, त्या दिवशी स्टिअरिंग त्याच्या हातात, असा घरचा रिवाज. यंदा लायसन धैर्यशीलच्या बायकोला, संयोगिताला, मिळालं होतं. शेतात ती ट्रॅक्टर चालवायचीच. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या होत्या. लालासाहेबांनी अभिमानानं किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर शेजारी उभ्या असलेल्या धैर्यशीलवर गेली. तोंड मिटलं.

शेजारी बसून वाटेत सांगू, असा त्यांचा बेत होता. पण पूजेचं ताट घेऊन रंगूबाई पुढं बसल्या आणि लालासाहेब मागं, बायकांच्या गर्दीत. चढावर ब्रेकचं काम पडलं नाही. देवळापाशी पोचल्यावर ते झटकन उतरले, चाकाला दगड लावला, आणि दर्शन झाल्यावर म्हणाले, "खाली म्या घेतो गाडी."

संयोगिताचा चेहरा उतरला. शेजारची दीपमाला हसून म्हणाली, "आवं आबा, सुनंवर भरवसा न्हाई व्हय?" मोटारसायकलवरून मागोमाग आलेला धैर्यशीलही म्हणाला, "चालवू दे की तिला." लालासाहेब पुन्हा गप्प बसले. चाकाचा दगड काढून ते मागं चढले.

पहिली दोन वळणं मी गिअरवरच उतरले. तिसऱ्या वळणाच्या आधी संयोगितानं ब्रेक दाबला. पॅडल तळाला गेलं.

"आबा, बिरेक लागंना!"

"दोनदा दाब! सोड आनि परत दाब!"

तिनं परत दाबलं, आणखी एकदा दाबलं. पण त्या दिवशी आठ माणसांचं ओझं होतं, उतार मोठा होता, आणि गळका सिलिंडर पुरताच फुटला होता. माझ्याकडं थांबायला काहीही उरलं नव्हतं. मित्रांनो, आपल्याला थांबता येत नाही आणि आत माणसं आहेत, याच्याइतकी भीती मी जन्मात अनुभवली नाही. पोरीनं स्टिअरिंग मात्र सोडलं नाही. दुसरा गिअर टाकला, मग पहिला, अक्षरशः कोंबला. माझे दाते करकरले, वेग थोडा कमी झाला. उजवीकडं दरी होती. डाव्या अंगाला रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकला होता. तिनं मला सरळ त्यात घातलं.

थांबले. बायका रडत खाली उतरल्या. सगळ्यांना खरचटण्यावर निभावलं, फक्त रंगूबाईंनी सावरायला पुढं टेकवलेला उजवा हात मनगटात मोडला होता.

धैर्यशील धावत आला. आईचा हात बघून त्यानं माझ्या दारावर लाथ घातली. "म्हटलं हुतं का न्हाई? ह्या खटाऱ्यानं आज सगळ्यांचा घात केला असता!"

सगळे माझ्याकडं बघत होते. जुन्या गाडीचा ब्रेक गेला, याच्यापुढं कुणी काही विचारणार नव्हतं. 'दोनदा दाब' हे शब्द त्या आरडाओरड्यात एकट्या संयोगिताला कळले होते. तिनं मागं वळून सासऱ्यांकडं पाहिलं, पण बोलली नाही. लालासाहेब गप्प राहिले असते तर त्यांचा मान राहिला असता.

ते पुढं आले आणि म्हणाले, "गाडीला लाथ मारू नगंस. तिनं मला श्रावणातच सांगितलं हुतं. म्याच कुनाला सांगितलं न्हाई."

तेव्हा संयोगिता बोलली. "मला तरी सांगायचं, आबा. म्या काय लगीच गाडी इकनार हुते?"

लालासाहेब त्या मुरमावर मटकन बसले आणि सुनेपुढं लहान पोरासारखे रडले.

मला भंगारात द्यायला दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तयार झाले. "न्हाई," धैर्यशील म्हणाला, "चूक गाडीची न्हवती. आदी सगळं काम करून घेऊ. मग बघू." मानसिंगनं सिलिंडर, तार, सगळं नवं घातलं. आता माझी किल्ली कुणीही मागितली, की लालासाहेब आधी माझे दोष मोठ्यानं सांगतात. दुसरा गिअर अडतो, डावा दिवा मंद हाय, हॉर्न कवा वाजतो कवा न्हाई. ऐकणारा हसतो. मला त्याचं वाईट वाटत नाही.

माझा सुटा भाग दोन दिवसांत मिळाला. रंगूबाईंच्या मनगटाचं तसं झालं नाही. प्लास्टर निघालं, पण हात पुरता वळत नाही, भाकरी थापता येत नाही. रोज सकाळी लालासाहेब चुलीपुढं बसून भाकऱ्या थापतात. भाकरी कडेला फाटते. रंगूबाई डाव्या हातानं ती उलटतात.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनी गाडी असेल तर तिच्यावर माया करा. तिला धुवा, हार घाला, तेलपाणी बघा. पण तिचं काही बिघडलं असेल, तर ते आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. मी भंगारात गेले असते तर गेले असते. रंगूबाईंचा हात मोडायला नको होता.