दोन खुणांमधले तेल

मित्रांनो, जरा सावकाशच बोलते, कारण मी आता दमले आहे. मी एका लाँड्रीच्या जुन्या व्हॅनमधली ऑइलची पट्टी आहे. कुणी मला डिपस्टिक म्हणतात, कुणी नुसतेच 'ती काडी' म्हणतात. कुणी काहीच म्हणत नाहीत, कारण गाडीत मी आहे हेच त्यांना ठाऊक नसते. हातभर लांब, चपटी आणि लवचिक अशी मी, डोक्याला एक पिवळे कडे आणि पायाशी दोन खुणा. तेल वरच्या खुणेपर्यंत आले म्हणजे पुरेसे आहे, खालच्या खुणेच्याही खाली गेले म्हणजे इंजिनाचे काही खरे नाही. एवढेच मला सांगता येते.

एका कारखान्यात पोलादाच्या लांबलचक पट्टीतून मला कापले आणि एका यंत्राने धाडकन दाबून माझ्यावर त्या खुणा उमटवल्या. मला वाटले होते, गाडीच्या घरात जन्म झाला आहे, आता मुलूख पाहायला मिळेल. कसले काय! मला एका नळीत खोचले, वर बॉनेट आपटले, आणि उजेडाशी माझा संबंध जवळजवळ संपला. गाडी गावे ओलांडत राहिली आणि मी पाय तेलात बुडवून अंधारात उभी राहिले. कितीतरी रस्ते मी असे न पाहताच पार केले आहेत.

इंजिनात लोखंडावर लोखंड घासत असते. मध्ये तेल असते म्हणून ते सुखाने चालते. तेल कमी झाले की इंजिन आधी कुरकुरते, मग कण्हते आणि एके दिवशी भर रस्त्यात जाम होऊन बसते. त्याच्या खूप आधी मला सगळे कळलेले असते. पण मला कुणी बाहेर काढून पाहिलेच नाही, तर मी काय करणार? सांगणे माझ्या हाती, ऐकणे दुसऱ्याच्या. या नोकरीत जीव आंबून जातो, खरेच सांगते.

आमच्या लाँड्रीच्या मालकांना सगळे नाना म्हणत आणि त्यांच्या पत्नीला काकू. पुढे दुकान, मध्ये कपडे धुण्याची दोन मोठी यंत्रे, मागे सिमेंटचे सपाट अंगण आणि त्यात चादरी वाळत घालायच्या दोऱ्या. दवाखान्यांच्या आणि वसतिगृहांच्या चादरी नाना व्हॅनमधून आणत, काकू त्या धूत, वाळवत, इस्त्री करत, आणि नाना त्या परत पोचवत. गाडी थांबली तर दोघांचाही हात थांबणार, हे उघडच होते.

नानांची एक शिस्त होती. रोज सकाळी इंजिन थंड असताना, सपाट अंगणात गाडी उभी असतानाच, ते बॉनेट उघडत. काकू फाटक्या चादरींचे पांढरे चौकोन कापून ठेवत. नाना मला बाहेर काढत आणि त्या कापडाच्या घडीत ठेवून चिमटीने दाबत. मग स्वच्छ पुसून पुन्हा नळीत पूर्ण आत घालत, पुन्हा काढत आणि उजेडात धरून पाहत. पहिल्यांदा काढल्यावर तेल कुठेही उडालेले असते. दुसऱ्यांदा काढल्यावर दिसते ती खरी गोष्ट, हे त्यांना पक्के माहीत होते.

"बायकोचा वाढदिवस विसरेन," ते शेजाऱ्याला सांगत, "पण ऑइल बघायला विसरणार नाही."

"ते दिसतंच आहे!" काकू आतून ओरडत.

ऑइल बदलायचे कामही ते स्वतःच करत. गॅरेजवाला एकदा बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला होता, "नाना, गाडी म्हातारी झाली, पण तुमचं इंजिन अजून कोवळं आहे." त्या दिवशी मी नळीत जरा ताठ उभी राहिले. आयुष्यात माझ्या वाट्याला आलेले कौतुक म्हणाल तर तेवढेच, आणि तेही परस्पर इंजिनाच्या नावावर जमा झाले.

मग वर्षे गेली. इंजिन म्हातारपणी तेल पिऊ लागले. दर थोड्या दिवसांनी वरून थोडे घालावे लागे, त्यात विशेष काही नव्हते. विशेष होते ते नानांचे. एका सकाळी त्यांनी मला उजेडात धरले, मग नाकाजवळ आणले, इतके जवळ की मिशीला तेल लागले. मग हात लांब करून पाहिले. मग अंगठ्याने चाचपले. अंगठा आधीच तेलाने माखलेला, त्याला काय कळणार?

"भरपूर आहे," नाना म्हणाले.

भरपूर नव्हते, मित्रांनो. त्या दिवशी तेल जेमतेम अर्ध्यावर होते. दुसऱ्या दिवशीही भरपूर, तिसऱ्या दिवशीही भरपूर. तेल खालच्या खुणेला टेकले, मग तिच्याही खाली गेले, आणि नाना रोज मला डोळ्यांसमोर धरून भरपूर म्हणत राहिले. लोक म्हणतात, डोळ्यांत तेल घालून पाहावे. इथे तेलातच डोळे घातले तरी दिसत नव्हते. नानांच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता आणि ते कबूल करायला तयार नव्हते.

मला काळजी इंजिनाची नव्हती एवढी रस्त्याची होती. बॉनेटखाली मला दिसत काही नसे, पण ऐकू सगळे येई. एकदा फाटकाचा खांब गाडीला घासला. नाना म्हणाले, "खांब जरा बाहेरच आलाय." एकदा ब्रेक इतका कचकन लागला की मागचे सगळे चादरींचे गठ्ठे कोसळले आणि बाहेरून एका बाईचा थरथरता आवाज आला, "अहो आजोबा, पोरगी दिसत नाही का समोर?" नाना बराच वेळ गाडी सुरू न करता बसून राहिले. घरी आल्यावर ते यातले एक अक्षर बोलले नाहीत.

पण काकूंना कळले होते. त्यांचे सगळे आयुष्य डाग ओळखण्यात गेलेले. रोजचे पांढरे चौकोन त्याच धूत. मला घडीत दाबले की कापडावर माझा ठसा उमटे. पूर्वी तो चांगला बोटभर लांब असायचा, आता टोकाला नुसता ठिपका उरला होता. इंजिनात तेल नाही हे त्यांनी मोरीत बसून वाचले. आणि तेल नाही हे नानांना दिसत नाही, म्हणजे आणखी काय काय दिसत नसेल, हेही त्यांनी तिथेच वाचले. डोळे दाखवून या, असे त्या एकदा म्हणाल्या होत्या, तेव्हा नाना जेवणावरून उठून गेले होते. "मला आंधळा ठरवू नकोस," एवढेच बोलले आणि दोन दिवस अबोला धरला. गाडी चालवणारा नाना हीच त्यांची ओळख होती, ती गेली तर मागे काय उरणार, असे त्यांना वाटत असावे. त्यामुळे काकू मूग गिळून गप्प बसल्या होत्या, आणि रोज गाडी फाटकाबाहेर पडली की परत येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागे.

एका सकाळी त्या पदर खोचून अंगणात आल्या. हातात नव्या ऑइलचा मोठा डबा आणि नवा फिल्टर होता.

"अहो, मला ऑइल बदलायला शिकवा."

"कशाला? मी मेलोय का?"

"मग काय, मेल्यावर शिकवायला येणार आहात?"

नाना हसले. शिकवायला कुणाला आवडत नाही? स्टूल मांडून ते गाडीशेजारी बसले आणि उंटावरून शेळ्या हाकू लागले. इंजिन आधी दोन मिनिटे चालवून बंद करायला लावले, कारण तेल कोमट असले की पातळ होते आणि सगळा गाळ घेऊन उतरते. व्हॅन उंच होती आणि काकू अंगाने बारीक, त्यामुळे त्या सहज खाली सरकल्या. खालून त्यांनी तेल सोडायच्या बोल्टला पाना लावला.

"डावीकडे फिरव. अगं, माझ्या डावीकडे नाही, तुझ्या!"

"मी उताणी आहे, माझं डावं कुठलं ते आधी ठरवू द्या."

बोल्ट निघाला. काळे तेल घमेल्यात पडू लागले. नाना कान देऊन ऐकत होते. इतकी वर्षे त्यांनी ती धार ऐकलेली होती, ती किती वेळ चालते हे त्यांच्या अंगात भिनलेले होते. आज धार लगेचच थांबली, ठिबकू लागली.

"एवढंच?" त्यांनी विचारले.

"एवढंच."

नाना स्टुलावर बसल्या बसल्या हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.

काकूंनी बोल्ट पुन्हा लावला. मग फिल्टरची वेळ आली. हा एक डब्यासारखा गोल भाग असतो, तेलातला कचरा अडवणारा. तो घट्ट बसला होता. "हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही," म्हणून नाना उठले. ताकद अजून होती. त्यांनी तो फिरवून काढला, तो जिथे बसतो तिथे बोट फिरवले आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." पण जुन्या फिल्टरचे रबराचे कडे तिथेच चिकटून राहिले होते. काळ्यावर काळे. नव्या फिल्टरलाही त्याचे स्वतःचे कडे होते. त्याला तेलाचे बोट लावून नानांनी तो जुन्या कड्यावरच बसवला. मी हातभर अंतरावर होते आणि मला ओरडता येत नव्हते.

वरून नवे तेल ओतले गेले. काकूंनी मला पुसले, आत घातले, काढले. पहिल्यांदाच त्यांनी मला उजेडात धरले होते. "वरच्या खुणेला टेकलंय," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझे म्हणणे जसेच्या तसे मोठ्याने उच्चारले. मला रडू आले असते, पण पट्टीला कुठले रडू!

"आता मिनिटभर चालू कर," नाना म्हणाले. "मग बंद करून परत बघायचं. इथंच लोक आळस करतात."

काकूंनी चालकाच्या जागी बसून किल्ली फिरवली. इंजिन छान सुरू झाले. आणि दोन कड्यांच्या फटीतून नवेकोरे तेल खाली धो धो सुटले.

नाना गाडीला लागूनच उभे होते. सोनेरी तेल सिमेंटवर पसरत त्यांच्या चपलांपर्यंत आले, चपलांखालून पलीकडे गेले. नाना मान हलवत होते. "ऐक आवाज," ते कौतुकाने म्हणाले, "लोण्यासारखा चाललाय." काकूंनी काचेतून पाहिले. आपला नवरा तेलाच्या थारोळ्यात उभा आहे आणि आनंदाने हसतो आहे, हे त्यांना दिसले. त्यांनी किल्ली उलटी फिरवली. आणि त्या धावतच उतरून आल्या.

त्यांनी मला काढले, पुसले, घातले, पुन्हा काढले. मी टोकापर्यंत कोरडी होते.

"ऑइल गेलं सगळं."

"गेलं? कुठे जाईल?"

"तुमच्या पायाखाली बघा."

नाना खाली वाकले. बघून काही होईना, म्हणून त्यांनी हात टेकला. हात वर केला तेव्हा मनगटापर्यंत तेल होते. तोवर काकूंनी नवा फिल्टर फिरवून काढला, आत बोटे घालून जुने कडे खरवडून काढले आणि नव्याचेही सोडवून दोन्ही कडी नानांच्या तळहातावर ठेवली. नाना ती चिमटीत धरून चाचपत राहिले.

"मी बोट फिरवलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मला दिसलं नाही." त्यांनी कडी मुठीत मिटली. "मला बरेच दिवस दिसत नाही गं. पट्टीवरचं तर नाहीच."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"फडकी मीच धुते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत?" काकूंचा आवाज आता फुटला होता. "ऑइलचं जाऊ द्या. ते पुन्हा भरता येतं. रस्ता तरी दिसतो का तुम्हाला?"

 तेल लागलेले हात नाना पुसत राहिले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. ती पोरगी त्या दिवशी किती जवळ होती, हे त्यांनी त्या वेळी सांगितले. काकू खाली सिमेंटवरच बसल्या.

"किल्ली कुठंय?" शेवटी नानांनी विचारले.

"गाडीतच."

"ती आता तुझ्याकडेच ठेव."

अंगणातले तेल भुसा टाकून टिपून घेतले. जुने काळे तेल डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे द्यायला ठेवले, कारण ते गटारात सोडायचे नसते. फिल्टर नीट बसवला, डब्यातले उरलेले तेल भरले, इंजिन चालवून पुन्हा तपासले. मग काकूंनी गाडी बाहेर काढली. नव्या संसारात त्याही व्हॅन चालवायच्या, पुढे यंत्रांनी त्यांना अडकवून ठेवले होते. नाना शेजारच्या जागी बसले. आधी चादरी पोचवल्या, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. वाटेत नानांनी फक्त दोनदा सूचना केल्या, हे त्यांच्या दृष्टीने मौनच म्हणायचे.

मित्रांनो, माझ्या खुणा आता झिजल्या आहेत आणि कडे तडकले आहे. मला बदलायला फार दिवस लागणार नाहीत, आणि खरे सांगायचे तर मला विश्रांती हवीच आहे. जाण्याआधी एक मागणे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन थंड होऊ द्या, आणि आमच्यापैकी जी कुणी तुमच्या इंजिनात उभी असेल, तिला दोनदा बाहेर काढून पाहा. दुसऱ्यावर सोडू नका. आणि तुमच्या घरात कुणी रोज एकटेच पाहून सांगत असेल की सारे काही ठीक आहे, तर कधीतरी त्यांच्या शेजारी उभे राहून तुम्हीही पाहा. ते रागावतील. रागावू द्या.

नानांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे. काल सकाळीही ते बॉनेटपाशी येऊन उभे राहिले. काकूंनी मला काढून उजेडात धरले.

"किती आहे?"

"आहे पुरेसं."

"मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस," नाना हळूच म्हणाले. "मी तुला तसंच सांगत होतो."

काकू थबकल्या. त्यांनी मला पुन्हा पुसले, नळीत पूर्ण आत घातले, पुन्हा बाहेर काढले, आणि मगच उत्तर दिले.