सारख्या वजनाच्या पिशव्या

मशिदीच्या बाजूच्या खोलीत दर शनिवारी सकाळी एकेचाळीस पिशव्या भरल्या जात, आणि त्यांतल्या सत्तावीस पिशव्यांत निव्वळ पाणी असे.

ही युक्ती ग्रॅमआपांची. आपांनी एकतीस वर्षे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावर मोहल्ल्याने मदतीच्या खोलीची किल्ली त्यांच्या हाती दिली आणि, चिमूटभर मीठही काट्यावर ठेवल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नसे म्हणून, हे नावही दिले.

पूर्वी धान्य मशिदीच्या दारात वाटले जाई. रांग लागे, आणि ज्यांना खरोखर गरज होती ते त्या रांगेच्या आसपासही फिरकत नसत. पोटाला चिमटा बसला तरी चालेल, पण चारचौघांत हात पसरायचा नाही, असा त्यांचा पीळ. इमामसाहेब दर शुक्रवारी सांगत, उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये. आपांनी एकदा त्यांना गाठून म्हटले, "शिकवण उत्तम आहे. अंमलबजावणीची सोय मात्र कुठेच दिसत नाही."

"मग ती तुम्ही करा," इमामसाहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यात अडकले.

कारण आपांनी सोय केली. मोहल्ल्यातल्या सगळ्या, म्हणजे एकेचाळीस घरांना, दर आठवड्याला एकसारखी कापडी पिशवी जाऊ लागली. पिशवीत स्टीलचे पाच डबे. चौदा घरांच्या डब्यांत तांदूळ, डाळ, पीठ, साखर आणि तेल. देणाऱ्या सत्तावीस घरांच्या डब्यांत पाणी. आतला ऐवज सर्वांचा बरोबर सहा किलो. पाणी तांदळाहून जड, म्हणून डबा काठोकाठ भरला तर वजन वाढे आणि कमी भरला तर डचमळे. आपांनी पाण्याच्या डब्यांत बूच मारलेल्या रिकाम्या बाटल्या घातल्या आणि दोन्ही प्रश्न एकदम मिटवले. हातगाडी दारोदार जाई, प्रत्येक दारातून एक माणूस सारखेच वाकून पिशवी आत नेई, आणि कोण भात शिजवणार नि कोण कुंडीला पाणी घालणार, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नसे. नियम तीन: विचारायचे नाही, सांगायचे नाही, गुरुवारी रिकामे डबे परत. यादी फक्त दोघांना ठाऊक होती. भरण्याचे कामही ते दोघेच दार लावून करत. आपा तोलत आणि इमामसाहेब, आपांच्या शब्दांत, सांडत.

डबे धुण्याचे काम मात्र आपांनी कधी कुणाला दिले नाही. एका गुरुवारी गरम सोड्याचे पाणी करून त्या बसल्या होत्या. प्रत्येक डब्याच्या बुडाला घराचा क्रमांक कोरलेला असे. तेवीस क्रमांकाच्या तेलाच्या डब्यात त्यांनी पाणी ओतले, आणि ते तळाशी सपाट पसरले. तेलकट पत्र्यावर पाणी असे पसरत नाही. त्याचे थेंब होतात. त्यांनी झाकणाच्या आट्यांतून बोट फिरवले. डबा कितीही घासला तरी आट्यांतले तेल निघत नाही. बोट कोरडे निघाले. मग त्यांनी सहज म्हणून शेजारचा, चोवीस क्रमांकाचा डबा घेतला. त्यात थेंब झाले.

आपांनी हात पुसले आणि खणातली जुनी, फाटकी यादी काढून नव्या यादीशेजारी ठेवली. तीन आठवड्यांपूर्वी जुनीवरून नवी त्यांनी स्वतःच उतरवून काढली होती. तेवीससमोरची खूण एक ओळ खाली घसरली होती. दुसऱ्या कुणी ताडून पाहिले असते तर एका नजरेत सापडली असती. पण दुसऱ्या कुणी ती बघायचीच नाही, हाच तर त्या यादीचा पाया होता. इमामसाहेबांनी भरताना आपांच्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता. प्रयोगशाळेत इतक्या विश्वासाबद्दल त्यांना नोटीस मिळाली असती.

तेवीस म्हणजे शिलाईवाली: नवरा जाऊन दोन वर्षे झालेली, घरात सासू आणि दोन मुली. तीन आठवडे त्या घरात पाणी गेले होते. आणि चोवीस म्हणजे पुस्तके बांधणारा जिल्दसाज, पहिल्या दिवसापासून देणाऱ्यांत असलेला माणूस. त्याच्या घरात तीन आठवडे धान्य गेले होते, आणि त्याने चकार शब्द काढला नव्हता.

आपा आधी तेवीसकडे गेल्या. डबे भरून, वर शिवायला म्हणून एक चादर टाकून.

"या आपा. चादरीला काय झालं?"

"चादरीला काही झालेलं नाही. चूक माझ्याकडून झाली." आपांनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. आजवर त्यांनी दिलेल्या अहवालांत हा सर्वांत छोटा होता.

शिलाईवालीने मशीनवरचा पाय काढला. "मला वाटलं, आमच्यापेक्षा जास्त अडलेलं कुणी आलं असेल. धान्याचे डबे काय, मोजकेच."

"मग विचारायचं नाही का?"

"विचारायचं नाही, हा नियम कुणाचा?"

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "हिने दुप्पट कपडे घेतले शिवायला. डोळ्यांच्या खाचा झाल्या. मी म्हटलं, जाऊन सांग. तर म्हणे, अम्माजी, पाणी आलंय म्हणजे आपली इज्जत वाढलीय."

"मी नाही, धाकटी म्हणाली तसं." शिलाईवाली ओशाळून हसली. "डबा उघडला आणि नाचायलाच लागली. अम्मी, आपण देणारे झालो! ते पाणी घालून तिने खिडकीत मिरचीचं रोप लावलंय. आता तिला काय सांगू?"

आपांनी खिडकीकडे पाहिले. रोपाला चार पाने होती. "काही सांगू नकोस. मला माफ कर."

"केलं, आपा. चादर ठेवून जा, किनार उसवलीय तिची."

किनार खरोखरच उसवली होती.

इमामसाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि दाढीवरून हात फिरवला. "खूण घसरली ती तुमची. पण ती घसरवणारा वरचा हात कुणाचा होता, ते मी सांगत नाही."

"हात माझाच होता. चष्मा जुना होता."

"बरं. खूण वर सरकवा, झालं."

"आणि जिल्दसाज? देणाऱ्याच्या डब्यात तांदूळ निघाला तर तो दुसऱ्या दिवशी परत आणून देईल. याने तीन आठवडे ठेवून घेतला. एक तर याची नियत फिरली, नाहीतर याचे दिवस फिरलेत. कोणतं ते बघितल्याशिवाय मी खूण हलवणार नाही."

"पण विचारायचं नाही ना?"

"विचारणार नाही. बघणार."

जुनी वही बांधून हवी म्हणून आपा त्याच्या दुकानात गेल्या. जिल्दसाजाने लगबगीने स्टूल पुसले. आपा बसल्या आणि त्यांनी बघितले. दाबयंत्रावर चादर पांघरलेली होती आणि चादरीवर धूळ. सरसाच्या भांड्यात सरस वाळून दगड झाला होता, त्याला भेगा गेल्या होत्या. इतका सुकायला दोन महिने तरी लागतात. कात्रणांच्या टोपलीत कोळ्याने जाळे विणले होते, आणि त्या दुकानात काम करणारा तेवढाच एक जण दिसत होता.

जिल्दसाजाने वही हातात घेतली, उलटली, पुन्हा उलटली.

"आपा, तुम्हाला कळलं कसं?"

आपा वाळलेल्या सरसाकडेच बघत राहिल्या.

"मी कुणाला बोललो नाही. घरातसुद्धा अर्धंच ठाऊक होतं. पहिल्या शनिवारी कुंडीत ओतायला म्हणून डबा उपडा केला, तर तांदूळ. अर्धा शेर मातीत. आम्ही दोघं नवरा-बायको बसून दाणा दाणा वेचत होतो. ती रडत होती आणि मी हसत होतो. म्हटलं, ग्रॅमआपांचा काटा नुसता डबे नाही तोलत, माणसंही तोलतो. तोंड उघडायच्या आधी कुणाला तरी कळलं, एवढ्यावरच मी हे तीन आठवडे काढले, आपा."

खोटे बोलणे आपांना जमत नसे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही आकडा फिरवला नव्हता. चूक झाली होती, काटा कुणालाच तोलत नव्हता, आणि हे त्याला स्पष्ट सांगणे हे त्यांच्या स्वभावाला धरून झाले असते. पण घेतलेले प्रत्येक निरीक्षण त्याच दिवशी जाहीर करावे, असा नियम प्रयोगशाळेतही नव्हता.

"एक विचारू?" जिल्दसाज म्हणाला. "नियम मोडतोय. येत्या शनिवारी काय येणार?"

"तांदूळ," आपा म्हणाल्या. "वहीची घाई नाही. पण सरस भिजत घाला."

आता घरे पंधरा झाली आणि ऐवज चौदांचाच. चौदा सक चौऱ्याऐंशी, भागिले पंधरा: पाच किलो सहाशे ग्रॅम. सर्व पिशव्या सारख्या राहायच्या तर पाण्याचेही चारशे ग्रॅम कमी करावे लागणार होते. आपांनी ते केले.

शनिवारी किराणेवाल्याने, तो देणाऱ्यांतला, दारातच पिशवी हातावर झेलून पाहिली. "आपा, काटा बिघडला का? हलकी लागते."

"काटा ठीक आहे."

"मग पाण्याचासुद्धा तुटवडा पडला?" तो हसला, आणि मग हसायचा थांबला. जन्मभर वजने हाताळलेला माणूस. त्याने पिशवी आणखी एकदा तोलली, मान डोलावली आणि काही न विचारता आत गेला. त्या सकाळी आणखी तीन दारांत पिशवी अशीच क्षणभर हातावर थबकली.

देणारी घरे खोलीतल्या ज्या पेटीत आपला वाटा टाकत, तिचे झाकण पुढच्या शुक्रवारी लागेना. इमामसाहेबांनी पेटीकडे पाहिले, मग आपांकडे.

"काही बोलू नका," आपा म्हणाल्या. "एका आठवड्यावरून निष्कर्ष निघत नाही."

"मी कुठं बोललो?"

शनिवारी पिशव्या पुन्हा सहा किलोंच्या झाल्या, पंधराच्या पंधरा. आपा एकेक काट्यावर ठेवत होत्या, दोनचार दाणे काढत होत्या, दोनचार घालत होत्या. तेवीस क्रमांकाची वेळ आली तेव्हा त्यांनी तांदळाच्या डब्यात ओंजळ ओतली, तो जमिनीवर आपटून खाली बसवला, वर दुसरी ओंजळ ओतली आणि तळहाताने दाबून झाकण लावले. डाळीचेही तसेच केले, साखरेचेही.

"आपा, ही तोलायची राहिली," इमामसाहेब म्हणाले.

"राहू द्या," ग्रॅमआपा म्हणाल्या, आणि चोवीसची पिशवी काट्यावर ठेवली.