जुनाच पासवर्ड

जानेफळात शेषरावला लोक अजून केबलवाला म्हणत, पण आता तो घरोघरी नेट जोडून देत असे. गावच्या विजेच्या डीपीत बिघाड होऊन एकाएकी व्होल्टेज वाढलं आणि सहदेवच्या घरचा राऊटर जळाला, तेव्हा सहदेव रोज त्याच्या दुकानी जाऊन बसू लागला. चौथ्या दिवशी शेषरावनं नवा राऊटर आणून भिंतीवर टांगला. हिरवे दिवे लागले.

"झालं भाऊ. नाव नवं, पासवर्ड नवा, खाली चिकटवलेला हाये. आना फोन, जोडून देतो."

सहदेवकडे बटनांचा साधा फोन होता. तो आतल्या खोलीत गेला आणि चार्जिंगला लावलेला दुसराच फोन घेऊन आला.

"लॉक खोला याचं," शेषराव म्हणाला.

"मले नाई माहीत."

"मंग कोनाचा हाये?"

"तिचा."

सहदेवची बायको रुख्मिणी जाऊन आठ महिने झाले होते. पंधरा दिवसांचा ताप अंगावर काढला तिनं. कपाशीच्या कामात सहदेवनं तिच्याकडे नीट पाहिलं नाही, आणि मेहकरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

फोन तो मुलीला, अनुपमाला देऊन टाकणार होता. पण तेरवीनंतर दोन दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास, फोन टिंगकन वाजला. पडद्यावर 'नवीन संदेश' एवढंच आलं. कोणाचा ते लॉकमुळे दिसेना. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत वाजला. तिसऱ्या दिवशीही. वेचणीला सोबत जाणारी कोणी बाई असेल, तिला कळलंच नसेल, असं सहदेवनं धरलं. पण पुढं पुढं तो दोन वाजायच्या आत वावरातून घरी येऊ लागला. डबा सोबत न नेता घरी येऊन जेवायचा. त्या घरात दिवसभरात रुख्मिणीच्या नावानं होणारा तेवढाच आवाज होता. तेवढ्यासाठी तो दर महिन्याला नेटचे पैसे भरत होता. राऊटर जळाल्यापासून चार दुपारी फोन गप्प होता.

"लॉक खोलल्याबिगर नवा पासवर्ड यात टाकता येत नाई," शेषराव फोन उलटा-पालटा करत म्हणाला. "अन् लई दिवस बिननेटचा राह्यला तं तिचं व्हॉट्सअ‍ॅपचं खातं आपोआप बंद पडते. मंग कोनी काई धाडलं तरी भेटनार नाई."

"काई तरी उपाय सांग ना बे."

"एक हाये. नव्या राऊटरले जुनंच नाव अन् जुनाच पासवर्ड देला, तं हा फोन त्याले जुना समजून आपोआप जुळते. नाव मले माहीत हाये. पासवर्ड सांगा."

"तो तिलेच माहीत होता."

"अनुपमाच्या फोनात असन."

"तिनं मागच्या महिन्यात नवा फोन घेतला. मी इचारलं तिले."

शेषरावनं डोकं खाजवलं. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "भाऊ, एक सांगू का? रागावू नका. मले माह्या मोबाईलवर दिसते, कोनाच्या नेटवर किती फोन हायेत ते. तुमच्यावर दोन होते. एक हा. दुसऱ्याचं नाव 'बानो' असं येत होतं. राऊटर जळला त्या दिवशीपर्यंत होता."

"खोटं हाये."

"मी काऊन खोटं बोलू?"

सहदेव खाटेवर बसला.

बानो म्हणजे सईदची बायको. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. ती शिवणकाम करायची, आणि ब्लाऊजचे नमुने पाहायला रुख्मिणीनं तिला आपलं नेट दिलं होतं. विरजण द्यावं तसं. तेव्हा सहदेवला त्यात काही वाटलं नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. बियाण्याच्या पाकिटावर काय काय लिहिलं होतं, पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. सईद गावात कापूस विकत घेई. त्यानं सहदेवच्या ढिगात हात घातला, रुई बोटांवर ओढून पाहिली आणि चार लोकांत म्हणाला, "सहदेवभाऊ, ही कवडी हाये, किडीनं खराब झालेली. चांगल्यात नाई धरता येनार मले."

सहदेवनं कापूस परत गाडीत भरला. त्याच संध्याकाळी रुख्मिणीला बजावलं, त्या घरी पाय ठेवायचा नाही, आणि तो पासवर्ड आजच्या आज बदलायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, बदलला का? ती म्हणाली, "बदलला." त्यानं मान हलवली होती, जिंकल्यासारखी.

"मरेपर्यंत खोटं बोलली माह्यासंग," तो आता म्हणाला.

शेषराव वायर गुंडाळत होता. "ते तुमचं तुमी पाहा. पासवर्ड त्या फोनातून निघू शकते. आनू का मी?"

"नको. मी जातो."

सईदच्या दारात जायला वीस पावलं लागत. ती दोन वर्षांत सहदेवनं टाकली नव्हती. रुख्मिणी गेली त्या दिवशी बानो त्याच्या दाराशी पदर तोंडावर धरून उभी होती, आणि त्यानं तिला आत ये म्हटलं नव्हतं. ती बाहेरूनच गेली होती.

बानोनं त्याला पाहिलं आणि मशीन थांबवलं. सईद बाजाराला नांदुऱ्याला गेला होता.

"भाभी," सहदेव म्हणाला.

बानोच घाईघाईनं बोलली, "भाऊजी, माफ करा. मले माहीत होतं, एक दिवस तुमाले माहीत पडन. नेट बंद झालं तवाच म्या वळखलं, तुमीनं तोडलं."

"म्या नाई तोडलं. डब्बा जळला."

"या अल्ला! अन् मी चार दिवस घाबरून राह्यली." ती हसली.

"तिनं बदलला नव्हता ना पासवर्ड?"

"बदलला ना. तुमाले खोटं नाई सांगितलं तिनं. बदलला अन् सकाळी नळावर पहिले मलेच सांगितला. म्हने, बानो, मालकानं बदलाले लावला, तुले सांगू नको असं काई ते म्हनले नाई."

सहदेवला हसू येता येता राहिलं. त्यानं येण्याचं कारण सांगितलं. बानो फोन घेऊन त्याच्या मागोमाग आली. उंबरठ्यावर थबकली. "या भाभी, आत या," सहदेव म्हणाला.

शेषरावनं तिच्या फोनातून पासवर्ड काढला, राऊटरमध्ये भरला आणि म्हणाला, "दोन मिनिटं थांबा." तिघंही मधल्या टेबलावरच्या फोनकडे पाहत राहिले. मग टिंग झालं. परत टिंग. एकामागून एक चार.

"चालू झाला," शेषराव म्हणाला. बाहेरून कोणीतरी हाक मारली म्हणून तो पिशवी घेऊन निघाला.

सहदेव फोनाजवळ बसला. "कोन असन वं ही बाई? तिले सांगाले पाह्यजे."

बानो भिंतीकडे पाहत होती. "ते माहे हायेत, भाऊजी."

त्याला समजलं नाही.

"तुमीनं बोलाले मनाई केली. मंग आम्ही फोनातून बोलत होतो. जेवन झालं की ती तिकडून, मी इकडून. रोज. ती गेली तवा तेरवीपर्यंत म्या काई धाडलं नाई, मंग राहवलं नाई. आता नेट नव्हतं तरी बोलून ठेवलं फोनात. आता सारं एकदम आलं."

भिंतीच्या ह्या बाजूला तो जेवत बसायचा, आणि पलीकडून ती बोलत असायची. आठ महिने.

"तिचं बोलनं हाये तुमच्याकडे?" त्यानं विचारलं.

"सारं हाये. ती गेली तवापर्यंतचं."

"ऐकवा."

"त्यात तुमचंही हाये भाऊजी."

"असू द्या."

बानोनं बराच वेळ खाली-वर शोधलं आणि एक लावलं. रुख्मिणीचा आवाज आला, जरा दबका, मागं भांडी वाजत होती.

"बानो, जेवली का वं? आज मालकानं बोंडं फोडून पाह्यली अन् काई न बोलता निजले. जेवले बी नाई. तो कापूस कवडीच होता, वेचतानीच मले दिसत होतं. सईदभाऊ खरं बोलले. पन ह्यायले कसं सांगू? मानूस अजून उपाशी हाये, अन् मी त्याले हे बी सांगू का? राहू दे. तुह्या त्या हिरव्या ब्लाऊजचं काय झालं, सांग."

आवाज संपला. सहदेव टेबलाची कड धरून बसला होता.

"मले सांगाले पाह्यजे होतं तिनं," तो म्हणाला.

"तुमीनं ऐकलं असतं?"

सहदेवनं खरोखर विचार केला. त्या संध्याकाळचा, त्या रागाचा, तिच्या तापाच्या दिवसांचा.

"नाई," तो म्हणाला. "नसतं ऐकलं."

बानोनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं पुढचं लावलं.