तारेचं बटण

या, जरा सरकून जवळ बसा. कीर्तनाला उभं राहून सांगावी अशी गोष्ट आहे, पण मी बसूनच सांगते.

माझी भाची एका इस्पितळाच्या टेलिफोन-खोलीतलं सॉफ्टवेअर नव्यानं बांधत होती. पडद्यावर बटणांची रांग, त्यात तिसरं ‘तार’. तारा बंद होऊन जमाना लोटला. ते दाबलं तरी काही होत नसे. भाचीनं हसत हसत काढून टाकलं.

त्या खोलीत फोनताई बसायच्या. जन्मापासून दृष्टी नाही, बावीस वर्षं एकच खुर्ची. कानाशी फोन करणाऱ्याचं बोलणं, म्हणून बटणांची नावं वाचणारा आवाज त्या बंदच ठेवत. कीबोर्डची एकच कळ दाबत एकेक बटण पुढं मोजत जायचं. सातवं आलं की तातडीचा विभाग.

सरावाच्या दिवशी एकानं लटकाच फोन लावला, पोरानं नाणं गिळलंय म्हणून. ताईंनी सात मोजून जोडून दिला. पलीकडून धोबीखान्यातले काका म्हणाले, “चादरी अजून ओल्या आहेत.” सगळे खो खो हसले. इस्पितळाचे साहेब मात्र हसले नाहीत. उद्या खरं काम सुरू होतंय, या खुर्चीवर दुसरं कुणी बसवा, म्हणाले.

ताई डबा पिशवीत भरू लागल्या. भाची कानकोंडी होऊन शेजारी बसली, चुकलं कुठं ते विचारलं.

“तिसऱ्या जागी काही नाही, ते मलाही ठाऊक आहे गं,” ताई म्हणाल्या. “पण जिन्याची एक पायरी काढलीस, तर मोजून उतरणाऱ्यानं काय करायचं?”

भाचीनं नुसता पडदा बघून काम केलं होतं. आता तिनं जुना कोड उघडला. तारेच्या बटणापाशी कुणीतरी ओळ लिहून ठेवली होती: ‘हे काढू नये. ताईंची बोटं इथून जातात.’ खाली नाव नाही. त्यानंतर तीनदा सॉफ्टवेअर बदललं होतं. तीन अनोळखी माणसांनी ती ओळ वाचली, बटण जागच्या जागी राखलं, आणि ताईंना कुणी कळूही दिलं नाही. केवढं हे सांभाळणं, तेही पाठीमागून! भाचीनं रातोरात बटण परत तिसऱ्या जागी बसवलं आणि पहिला फोन ताईंनाच घेऊ द्या, म्हणून साहेबांना विनवलं.

सकाळी साहेब खुर्चीमागं उभे. पहिला फोन आला. ताईंनी सात मोजले, आणि तातडीच्या विभागानं उचलला. साहेबांनी पिशवीतला डबा स्वतः काढून टेबलावर ठेवला.

ती ओळ आजही तिथं आहे. देवापुढं हात जोडाल तेव्हा ती लिहिणाऱ्याची आठवण काढा. नाव ठाऊक नाही, तरी पोचेल.